झडपांच्या आजारावर संशोधन करायचंय? आधी एलव्हीओटी मोजायला शिका

‘व्हॉल्व्हवर काहीतरी काम करायचंय’ म्हणणारे रेसिडेंट दर बॅचला दोन-चार तरी निघतात. बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो: आधी विषय, मग गाईड, मग कुठल्या जर्नलला पाठवायचं याची चर्चा. माप कसं घ्यायचं हे डेटा गोळा झाल्यावर आठवतं. तोवर कुणी-कुणी, कसेकसे केलेले शेकडो इको हार्ड डिस्कवर पडलेले असतात आणि त्यांचं काही करता येत नाही. या क्षेत्रात संशोधकाची पत त्याच्या मापावर ठरते, म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

रस्ता थोडक्यात असा: एमबीबीएस, मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समध्ये तीन वर्षांचं एमडी, नीट-एसएस आणि तीन वर्षांचं डीएम कार्डिऑलॉजी. एमबीबीएसला असतानाच चव घ्यायची असेल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. डॉक्टर नसलात तरी दार बंद नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला हृदयाचा पहिला इको घेतला तो इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी मिळून, तोही धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर. एडलरना त्यातून मायट्रल (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या) झडपेचंच उत्तर हवं होतं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर आणि इंजिनिअर यांनी मिळून घडवलेली झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसली.

दोन मिलिमीटर इकडे-तिकडे

एऑर्टिक स्टेनोसिसचं, म्हणजे महाधमनीच्या तोंडाची झडप अरुंद होण्याचं, गणित सोपं आहे. डाव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून) बाहेर पडणाऱ्या मार्गातून, म्हणजे एलव्हीओटीतून, जेवढं रक्त जातं तेवढंच पुढे झडपेतून जातं. म्हणून झडपेचं क्षेत्रफळ काढायला तीन आकडे लागतात: एलव्हीओटीचा व्यास, एलव्हीओटीतला व्हीटीआय आणि झडपेतला व्हीटीआय. व्हीटीआय म्हणजे एका ठोक्यात रक्त जेवढं अंतर पुढे सरकतं ते, वेगाच्या आलेखावरून काढलेलं. व्यासाचा वर्ग करून ०.७८५ ने गुणा, एलव्हीओटीच्या व्हीटीआयने गुणा, झडपेच्या व्हीटीआयने भागा.

गोची त्या वर्गात आहे. एक रुग्ण घ्या: एलव्हीओटी व्हीटीआय २४ सेंमी, झडपेतला ८२ सेंमी. व्यास २.० सेंमी धरला तर क्षेत्रफळ ०.९२ चौ. सेंमी येतं, म्हणजे आजार तीव्र. तोच व्यास कुणी २.२ मोजला तर १.११, म्हणजे मध्यम. कुणी १.८ मोजला तर ०.७४. रुग्ण तोच, यंत्र तेच, कॅलिपर २ मिमी सरकला एवढंच. तीव्रतेची रेषा १.० वर आहे, आणि संशोधनातले बरेच रुग्ण नेमके त्या रेषेच्या आसपास असतात.

व्यास घेताना पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस व्ह्यू घ्या आणि झूम करा. पूर्ण पडद्यावर छोट्या दिसणाऱ्या एलव्हीओटीवर माप घेऊ नका, एका पिक्सेलनेही आकडा हलतो. फ्रेम मिड-सिस्टोलची (जवनिकेच्या आकुंचनाच्या मध्याची) हवी, झडप पूर्ण उघडलेली असताना. कॅलिपर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत: वर सेप्टमची (दोन जवनिकांमधल्या पडद्याची) आतली कडा, खाली मायट्रलच्या पुढच्या पाकळीची कडा, आणि रेघ झडपेच्या प्रतलाला समांतर. माप ॲन्युलसवर किंवा त्याच्या खाली ३ ते १० मिमीच्या आत घ्या, पण आपल्या अभ्यासात एकच जागा ठरवा आणि शेवटच्या रुग्णापर्यंत बदलू नका. मायट्रलच्या पाकळीवर उतरलेला कॅल्शियमचा ढेप दिसला तर तो व्यासातून वजा करू नका, त्याच्या मागची खरी कडा शोधा. वयस्कर रुग्णांत सेप्टमचा वरचा भाग आत फुगलेला असतो, तिथे खाली सरकून माप घेतलं की व्यास हमखास कमी येतो. अशा वेळी ॲन्युलसच बरा. तीन ठोक्यांवर मोजा. तिन्ही वेळा वेगळं आलं तर सरासरी काढण्याआधी व्ह्यू तिरका आहे का ते बघा.

एक मर्यादा मात्र कायमची आहे. एलव्हीओटी गोल नसते, लंबगोल असते, आणि इको तिचा बहुधा आखूड व्यास दाखवतो. म्हणून सीटीवरचं क्षेत्रफळ वापरलं की झडपेचं क्षेत्रफळ मोठं येतं. अर्ध्या रुग्णांत सीटी आणि अर्ध्यांत इको अशी खिचडी एका तक्त्यात करू नका.

आता एलव्हीओटीचा व्हीटीआय. एपिकल पाच किंवा तीन चेंबरच्या व्ह्यूमध्ये पल्स्ड वेव्ह डॉपलरचा (एकाच जागेवरचा वेग मोजणाऱ्या पद्धतीचा) सॅम्पल ३ ते ५ मिमीचा ठेवा. तो झडपेकडे सरकवत न्या. वेग एकदम चढला आणि आलेख पसरट झाला की समजा, तुम्ही प्रवेगाच्या पट्ट्यात शिरलात. तिथून हळूहळू मागे या, आलेखाची कडा बारीक आणि आतून पोकळ दिसेपर्यंत. बरोबर जागेची खूण अशी: झडप बंद होतानाची उभी रेघ दिसते, उघडतानाची दिसत नाही. दोन्ही दिसल्या तर फार पुढे आहात. एकही नसली तर फार मागे, आणि मग स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त) खोटा कमी येऊन ‘लो फ्लो’चा रुग्ण विनाकारण तयार होतो. ट्रेस गडद कडेवरून घ्या.

झडपेतला वेग: विंडो बदलायचा कंटाळा

सगळ्यात जास्त चुका आळसाने होतात त्या इथे. कंटिन्युअस वेव्ह डॉपलरने मिळणारा वेग प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून असतो. खरा वेग सेकंदाला ४.५ मीटर असेल आणि तुमचा बीम ३० अंशांनी तिरका असेल तर पडद्यावर ३.९ दिसेल. वेगाचा वर्ग गुणिले चार या सूत्राने कमाल ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक) ८१ ऐवजी ६१ मिमी पारा येतो, आणि ४ मीटरच्या रेषेपलीकडचा रुग्ण अलीकडे पडतो. कोनाची चूक वेग कमीच दाखवते, कधी जास्त दाखवत नाही. म्हणून सगळ्या विंडोंतून मिळालेला सर्वांत मोठा स्वच्छ आकडा घ्यायचा.

फक्त एपिकलवर थांबू नका. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून उजव्या पॅरास्टर्नल विंडोतून पेन्सिल प्रोबने शोधा. वयस्कर रुग्णांत कमाल वेग बऱ्याचदा तिथेच सापडतो. सुप्रास्टर्नल आणि सबकॉस्टलही बघा. पेन्सिल प्रोबवर चित्र येत नाही, नुसता आवाज आणि आलेख येतो. म्हणून अनेक विभागांत तो ड्रॉवरमध्ये धूळ खात पडतो. कानाला सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे द्या. अहवालात कोणत्या विंडोतून आकडा मिळाला ते लिहा. सहा महिन्यांनी दुसऱ्याने दुसऱ्या विंडोतून मोजलं तर वेग ‘वाढला’ असं दिसेल, आणि आजार पुढे सरकल्याचा तुमचा निष्कर्ष फुकट जाईल.

गेन कमी, वॉल फिल्टर जास्त, स्वीप १०० मिमी प्रति सेकंद. गडद आलेखाच्या बाहेरच्या कडेवरून ट्रेस घ्या, टोकाला उडणाऱ्या केसांसारख्या रेषा सोडून द्या. मायट्रल रिगर्जिटेशनचा (झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा) जेट चुकून पकडला जातो. तो लवकर सुरू होतो, उशिरा संपतो आणि त्याचा वेग बहुधा जास्त असतो. नियमित ठोके असतील तर तीन ठोक्यांची सरासरी, एट्रियल फिब्रिलेशन असेल तर सलग निदान पाचांची. एक्टोपिकनंतरचा, म्हणजे अवेळी पडलेल्या ठोक्याच्या पुढचा, ठोका कधीच घेऊ नका.

रक्तदाब इकोच्या वेळीच मोजून त्याच फॉर्मवर लिहा. दाब खूप चढलेला असेल तर ग्रेडियंट फसवा कमी येऊ शकतो. ही एक चौकट फॉर्मवर नसल्यामुळे पुढे किती डेटा संशयास्पद होतो, याची कल्पना सुरुवातीला येत नाही.

तीव्र आजाराचे निकष पाठ हवेत: वेग ४ मीटर किंवा अधिक, सरासरी ग्रेडियंट ४० किंवा अधिक, क्षेत्रफळ १ चौ. सेंमी किंवा कमी. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हाच खरं काम सुरू होतं. क्षेत्रफळ ०.८ पण ग्रेडियंट ३० असेल तर आधी स्वतःच्या चुका शोधा: व्यास, कोन, सॅम्पलची जागा. मग स्ट्रोक व्हॉल्यूम शरीराच्या क्षेत्रफळाने भागा. चौरस मीटरमागे ३५ मिलीपेक्षा कमी असेल तर प्रवाहच कमी आहे. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिका किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा) घटलेलं असेल तर कमी मात्रेचा डोब्युटामिन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) इको करा, प्रति किलो मिनिटाला २० मायक्रोग्रॅमच्या वर न जाता. ते ठीक असेल तर सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजा. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० ॲगॅटस्टन युनिटच्या पुढे आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी. दोघांना एकच रेषा लावली तर तीव्र आजार असलेल्या कित्येक बायका अभ्यासातून गळतील.

मायट्रल: आपल्याकडचा मोठा भाग

संधिवाताच्या तापातून आलेला मायट्रल स्टेनोसिस पाश्चात्त्य देशांत दुर्मिळ झाला, आपल्या ओपीडीत तो अजून रोज भेटतो. इथे प्लॅनिमेट्री, म्हणजे झडपेचं तोंड चित्रावरच रेखून मोजणं, आधी शिका. शॉर्ट ॲक्सिसमध्ये डाव्या कर्णिकेकडून (वरच्या कप्प्याकडून) टोकाकडे हळूहळू झुकत या आणि पाकळ्यांच्या टोकांशी जे सर्वांत लहान तोंड दिसतं ते मिड-डायस्टोलमध्ये मोजा. थोडं वर थांबलात तर क्षेत्रफळ मोठं येईल. गेन जास्त ठेवलात तर कडा फुगून लहान येईल.

प्रेशर हाफ टाइमची पद्धत, म्हणजे दाबातला फरक निम्मा व्हायला लागणाऱ्या मिलिसेकंदांनी २२० ला भागणं, झटपट आहे. ती रूढ केली नॉर्वेच्या लिव्ह हाट्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पण बलून वाल्व्होटॉमीनंतर (फुग्याने झडप रुंद केल्यानंतर) लगेचच्या दोन-तीन दिवसांत ती चालत नाही, कारण कर्णिका आणि जवनिकेचा ताठपणा तेव्हा झपाट्याने बदलत असतो. सोबत लक्षणीय एऑर्टिक रिगर्जिटेशन असेल किंवा जवनिका ताठ असेल तर क्षेत्रफळ जास्त दाखवते. बलूनच्या आधी-नंतरचा अभ्यास करताय आणि ‘नंतर’चा आकडा हाफ टाइमने काढलाय, असं असेल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल.

सरासरी ग्रेडियंटच्या शेजारी हृदयाची गती लिहिलीच पाहिजे. ६० च्या गतीला ६ असलेला ग्रेडियंट ११० ला दुप्पट होऊ शकतो. गती नसलेला मायट्रल ग्रेडियंट म्हणजे निम्मी माहिती.

हृदयाच्या कार्याचे आकडे

इजेक्शन फ्रॅक्शन डोळ्यांनी अंदाजून ‘साठ टक्के’ लिहायची सवय क्लिनिकला चालते, अभ्यासाला चालत नाही. बायप्लेन सिम्पसन (दोन व्ह्यूंवरून जवनिकेचं आकारमान काढायची पद्धत) वापरा. इथली नेहमीची चूक फोरशॉर्टनिंगची: खरं टोक कापलं जातं, खोटं टोक जाड आणि आखडताना खालीवर होताना दिसतं. चार आणि दोन चेंबरमधल्या लांबीत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुन्हा चित्र घ्या.

तीव्र मायट्रल रिगर्जिटेशनमध्ये निम्मं रक्त मागे कमी दाबाच्या कर्णिकेत जातं, म्हणून फ्रॅक्शन दिसायला छान असतं. तिथे ६० टक्के किंवा त्याखाली म्हणजे जवनिका थकली असं धरतात. सिस्टोलच्या शेवटचा व्यास ४० मिमी ही दुसरी खूण. स्ट्रेन (स्नायू किती टक्के आखडतो ते माप) वापरणार असाल तर एकच कंपनी, एकच सॉफ्टवेअर आणि त्याची एकच आवृत्ती. मध्येच सॉफ्टवेअर अपडेट झालं तर जुन्या लूप नव्या आवृत्तीवर पुन्हा मोजाव्या लागतात. म्हणून स्थिर फोटो साठवू नका, मूळ डायकॉम लूप साठवा, तीन-तीन ठोक्यांच्या.

स्वतःची चूक किती, ते आधी मोजा

पहिला रुग्ण घेण्याआधी वीस-पंचवीस जुने इको निवडा. चांगल्या चित्रांचेच नाही, ओपीडीत येतात तसे. सगळे मोजा. दोन-तीन आठवड्यांनी नावं झाकून, क्रम बदलून पुन्हा मोजा. मग तेच दुसऱ्या मोजणाऱ्याला द्या, तुमचे आकडे न दाखवता. याहून कडक चाचणी म्हणजे त्याच रुग्णाचा त्याच दिवशी दुसऱ्या हाताने पुन्हा इको करणं, कारण बरीचशी चूक चित्र घेण्यातच होते. ही चाचणी करणारे थोडे, पण त्यांचा पेपर वेगळा कळतो.

निकाल कोरिलेशनने दाखवू नका. तुम्ही प्रत्येक वेळी सहकाऱ्यापेक्षा बरोबर २ मिमी जास्त मोजत असाल तर कोरिलेशन १ येईल आणि तुम्ही खूश व्हाल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली सुचवलेला आलेख काढा: दोघांच्या आकड्यांतला फरक उभ्या अक्षावर, सरासरी आडव्या अक्षावर, आणि फरकाच्या प्रमाण विचलनाच्या १.९६ पट वर-खाली रेषा. व्यासाच्या त्या रेषा समजा ±३ मिमी आल्या. अशा मापावर वर्षाला ०.१ चौ. सेंमीने होणारी घट एकेका रुग्णात पकडायला निघणं म्हणजे गाडीकाट्यावर सोनं तोलणं. आधी माप सुधारा, नाहीतर प्रश्न बदला.

प्रश्न कुठून आणायचा

इथे आपल्याकडच्या संशोधकाचं पारडं जड आहे, पण तो बऱ्याचदा अमेरिकेतला प्रश्न इथल्या शंभर रुग्णांवर पुन्हा विचारतो. २०२२ साली आलेला इनव्हिक्टस हा अभ्यास बघा: संधिवाताच्या हृदयविकारात एट्रियल फिब्रिलेशन असेल तर रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी रिव्हरॉक्साबॅन द्यावी की जुनी वॉरफरिनच्या गटातली? साडेचार हजारांवर रुग्ण, २४ देश. उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट आलं, जुनं औषध सरस ठरलं. असा प्रश्न जिथे हे रुग्ण आहेत तिथेच सुटतो. त्याच वर्षी युगांडातल्या ८१८ मुलांवरचा गोल हा अभ्यास आला. इकोवरच दिसणाऱ्या सुप्त आजारात महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं तर दोन वर्षांत आजार पुढे सरकला तो ०.८ टक्के मुलांत, न दिलेल्यांत ८.२ टक्के. सगळा निकाल इको वाचण्यावर उभा होता, आणि वाचणाऱ्यांना कोण कुठल्या गटात हे ठाऊक नव्हतं.

नकारात्मक उत्तरालाही घाबरू नका. स्टॅटिनने एऑर्टिक स्टेनोसिस थांबेल अशी मोठी आशा होती. २००८ साली सीस या अभ्यासाने १८७३ रुग्णांत ती संपवली.

कागदपत्रं आणि फॉलोअप

एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकही फॉर्म भरू नका. ‘आधी डेटा, मग मंजुरी’ हा घोटाळा नंतर निस्तरता येत नाही. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करायची. ती मोफत आहे. परदेशी संस्थेसोबत काम किंवा परदेशी निधी असेल तर आयसीएमआरमार्फत आणखी एका समितीची मंजुरी लागते. तिचा वेळ वेळापत्रकात धरा. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, म्हणजे हातात तीन वर्षं कधीच नसतात. त्यात एका वर्षाचा फॉलोअप बसवायचा तर रुग्ण घ्यायला जेमतेम वर्षभर मिळतं.

शाळांमधून मुलांची इको तपासणी करायचा बेत असेल तर एक गोष्ट आधी करा. इको मशीनही पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदवलेलं असतं, आणि पोर्टेबल मशीन उचलून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नाही. समुचित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या, तीही तारखा ठरवायच्या आत.

फॉलोअपला रुग्ण हरवतात ते साध्या कारणांनी. मोबाइल नंबर बदलतो, म्हणून दोन घ्या, दुसरा घराबाहेरच्या नातेवाइकाचा. पत्त्यात गावासोबत वाडी-वस्ती आणि आशाताईंचं नाव लिहा. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास टोळ्यांबरोबर निघतात ते गाळप संपल्यावरच परततात. त्यांना जानेवारीची तारीख देणं म्हणजे तो रुग्ण गमावणं. ती तारीख मे-जूनमध्ये टाका. झडप बदलायचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून दुसऱ्याच शहरात झालेलं असू शकतं, म्हणून प्रत्येक वेळी डिस्चार्ज कार्ड मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांच्या आयएनआरच्या (रक्त किती पातळ आहे त्या तपासणीच्या) चिठ्ठ्या पिशवीत चुरगळलेल्या असतात; त्यांचेही फोटो घ्या, तारीख दिसेल असे.

आकडे एक्सेलमध्ये भरणार असाल तर प्रत्येक रकान्याला मर्यादा घाला: एलव्हीओटी १.५ ते २.८ सेंमीच्या बाहेर गेला की चौकट लाल व्हावी. २० आणि २.० यांची गल्लत दर अभ्यासात होते. अशा लाल चौकटी दर शुक्रवारी, लूप हाताशी असतानाच तपासून मोकळे व्हा.